लुदोविको माग्नो : पॅरिसच्या सां-दनी वेशीवर कोरलेले साठ दिवस

पायवाट (धागालेखक)

मान वर करून कमान बघायची म्हणून उभा राहिलो, आणि नजर अडली ती खालीच. पायथ्याशी एक बाई बसली आहे. अंगातलं त्राण गेलेलं, सगळं संपल्यावर माणूस बसतो तशी. तिच्याखाली सिंह आहे, पण मरणपंथाला लागलेला. पंजात मोडकी तलवार आणि मोडलेले बाण. ही बाई म्हणजे हॉलंड. सिंह तिचा आणि बाणही तिचेच. डच संयुक्त प्रांतांच्या राजचिन्हात सिंहाच्या पंजात सात बाणांची जुडी असायची, सात प्रांतांचे सात बाण. इथे ती जुडीच मोडून ठेवली आहे.

ही पॅरिसमधली पोर्त सां-दनी. मी हिला वेसच म्हणणार आहे, कारण मुळात इथे वेसच होती. १४व्या शतकात पाचव्या चार्ल्सने शहराभोवती तट घातला, त्यातली ही उत्तरेची वेस. इथून बाहेर पडणारा रस्ता सरळ सां-दनीच्या मठाकडे जातो, जिथे फ्रान्सचे राजे पुरले जात. राज्याभिषेक आटोपून नवा राजा शहरात यायचा तो याच वाटेने, आणि मेल्यावर त्याला न्यायचे तेही याच वाटेने.

१६७०च्या सुमारास १४व्या लुईने तट पाडायला घेतला. शत्रू पॅरिसपर्यंत पोचूच शकणार नाही, मग तट हवाय कशाला, असा त्यामागे विश्वास होता. तटाच्या जागी झाडं लावलेले रुंद रस्ते झाले. जुनी वेस गेली आणि १६७२ मध्ये तिच्या जागी ही विजयकमान उभी राहू लागली. पैसा पॅरिस शहराचा, आराखडा फ्रांस्वा ब्लाँदेलचा, शिल्पं मिशेल आंगिएची. (शिल्पांचं काम आधी जिरार्दाँकडे होतं, पण त्याला व्हर्सायच्या कामावर बोलावून घेतलं.)

उंची २४.६५ मीटर, रुंदी २५ मीटर, जाडी फक्त ५ मीटर. सगळ्यात वर सोनेरी अक्षरं : लुदोविको माग्नो. ‘थोर लुईस अर्पण’. शहराकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला कमानीवर लुईच्या १६७२च्या हॉलंडवरच्या स्वारीत ऱ्हाइन नदी ओलांडण्याचा देखावा, मधोमध घोड्यावर राजा. उत्तरेला मास्त्रिख्त या डच शहराचा पाडाव. दक्षिण बाजूच्या एका पायथ्याशी ती बाई आणि दुसऱ्या पायथ्याशी ऱ्हाइन नदी, पुरुषरूपात.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते लॅटिन लेखाने. हा मजकूरही ब्लाँदेलनेच रचला. त्याचा अर्थ असा : जेमतेम साठ दिवसांत ऱ्हाइन, वाल, म्यूज आणि आयसेल या नद्या पार केल्या, तीन प्रांत अंकित केले, चाळीस तटबंद शहरं घेतली, म्हणून. उत्तर बाजूला आणखी थोडक्यात : मास्त्रिख्त तेरा दिवसांत घेतलं, म्हणून.

बस्स. साठ आणि तेरा. एकसष्टाव्या दिवशी काय झालं ते कुठेच नाही. घरी येऊन मी तेच शोधत बसलो, आणि आता मला ही कमान पहिल्यासारखी दिसत नाही. या चार नद्यांची नावं वाचताना सारखं वाटतं की लुईला पुढे अडवलं तेही पाण्यानेच. त्याबद्दल इथल्या जाणकारांकडून ऐकायचं आहे. लढाईचं कळणाऱ्यांनी लढाईचं लिहा, बांधकामातलं कळणाऱ्यांनी बांधकामाचं.

---

रानजाई

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे.

एक प्रश्न. तटच पाडला तर वेस कशासाठी? दोन्ही बाजूंना भिंत नाही, मधेच दार. विचित्र नाही वाटत?

---

पायवाट

@रानजाई, तुमच्या प्रश्नातच या इमारतीचं मर्म आहे. वेस म्हणजे अडवायची जागा. रात्री बंद व्हायची, पहाऱ्याला माणसं असायची. लुईच्या काळात तिचं हे काम संपलं, पण जागेचा मान उरला. राजा इथूनच शहरात येतो, हे लोकांच्या डोक्यात तीनशे वर्षं बसलेलं होतं. म्हणून बंद होणारी वेस काढली आणि कधीच बंद न होणारी ठेवली. रोमन सम्राटांच्या कमानींनाही दारं नसत, हा सगळा नमुना तिथलाच.

अशी ही एकटी नव्हती. थोडं पूर्वेला गेलं की पोर्त सां-मार्तां लागते, १६७४ची, ब्लाँदेलचा शिष्य पिएर ब्युले याची. सां-आंतवान आणि सां-बेर्नार या वेशींचंही ब्लाँदेलने रूप बदललं होतं, पण त्या दोन्ही १८व्या शतकात पाडल्या गेल्या.

---

मोर्चेल

> एकसष्टाव्या दिवशी काय झालं ते कुठेच नाही.

साठ दिवसांत जे झालं त्याबद्दलही थोडं लिहितो, कारण कमानीवरचा देखावा बघून लोकांना वाटतं तुंबळ रणधुमाळी झाली असेल.

१२ जून १६७२. लाखावर फौज घेऊन निघालेला लुई ऱ्हाइनकाठी आला तो टोलहाउस नावाच्या ठिकाणी. नावातच आहे, टोलनाका. उन्हाळा कोरडा होता, नदीचं पाणी उतरलेलं होतं. स्वारांनी बराचसा भाग चालत आणि मधला पट्टा पोहत पार केला. पलीकडे डचांची तुकडी लहान होती, ती फार टिकली नाही. राजा स्वतः या काठावरून बघत होता. राजघराण्यातला मोठा सेनापती कोंदे पलीकडे गेला आणि जखमी झाला. त्याचा तरुण भाचा, लाँगव्हिलचा ड्यूक, तिथे मारला गेला. चकमक म्हणून ती धाडसाची होती, यात शंका नाही. पोहत नदी ओलांडणाऱ्या माणसाला गोळी लागली की तो सरळ बुडतो, त्याला कुणी उचलून आणत नाही. पण दगडात जे कोरलंय ते काही वेगळंच. पुढे नेपोलियनने या ओलांडणीला चौथ्या दर्जाची लष्करी कारवाई ठरवलं. नदी ओलांडायचं कळणारा माणूस होता तो.

आता एकसष्टावा दिवस. म्हणजे खरं तर तो त्याआधीच उजाडला होता. फ्रेंच फौज उट्रेख्टपर्यंत पोचली आणि जूनमध्येच डचांनी बांध फोडले, झडपा उघडल्या. मायडनपासून गोरिंखेमपर्यंत शेतं, कुरणं, रस्ते सगळं पाण्याखाली. पाणी किती, तर गुडघा-मांडीएवढं. होडी घालावी तर तळाला टेकते, चालत जावं तर खालचे चर दिसत नाहीत. तोफा तर विसराच. अ‍ॅमस्टरडॅम त्या पाण्यापलीकडे राहिलं. १६७३ अखेर फ्रेंचांना जिंकलेल्यातलं बरंच सोडावं लागलं. मास्त्रिख्त तेवढं हातात राहिलं, तेही १६७८च्या नायमेखेनच्या तहात परत द्यावं लागलं.

म्हणजे ही कमान बांधून पुरी होते न होते तोच तिच्यावरचे तीन प्रांत हातचे गेलेले होते!

मास्त्रिख्तबद्दल मात्र वेगळं बोललं पाहिजे. तिथे खरंच नवं काही घडलं. वेढ्याचं काम वोबाँ या फ्रेंच लष्करी इंजिनियरकडे होतं. तोवर मोर्चे खणायचे ते वेड्यावाकड्या वाटेने तटाकडे सरकायचे, आणि आतल्यांनी बाहेर पडून छापा घातला की मोर्च्यातली माणसं फुकट मरायची. वोबाँने तटाला समांतर लांबलचक चर खणले. एक झाला की पुढे सरकून दुसरा. प्रत्येक चरात माणसं एकवटून उभी राहू शकत, छापा आला तर परतवू शकत. १७ जून १६७३च्या रात्री खणायला सुरुवात झाली, ३० जूनला शहर पडलं. कमानीवरचे तेरा दिवस ते हे. हा हिशोब चोख आहे. २५ जूनला त्याच वेढ्यात राजाच्या मस्केटियर्स (बंदूकधारी) पथकाचा दार्तान्याँ मारला गेला, तो खराखुरा, ज्याच्यावरून पुढे कादंबऱ्या झाल्या.

---

शुक्रतारा

+१ मोर्चेल. समांतर चरांचं माहीत नव्हतं.

---

ओळंबा

बांधकामातलं विचारलंत म्हणून लिहितो. मोर्चेलरावांशी इतिहासावर माझा वाद नाही. पण कमान खोटं सांगते म्हणून ती हलकी, असा सूर या धाग्यात येऊ लागलाय, तो मला मान्य नाही.

ब्लाँदेल आधी गणिती आणि लष्करी इंजिनियर, मग वास्तुकार. १६७१ मध्ये राजाने वास्तुकलेची अकादमी काढली, तिचा पहिला संचालक तोच. तो शिकवायचा की सौंदर्य मापात असतं, आणि ते सिद्ध करून दाखवायला त्याला ही एक जागा मिळाली. मापं पुन्हा बघा. उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी, म्हणजे सगळी इमारत एका चौरसात बसते. कमानीचं तोंड ८ मीटर, म्हणजे रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा. तोंडाची उंची १५.३५ मीटर, रुंदीच्या दुपटीच्या आसपास. कुठेही अंदाजपंचे काही नाही.

मग त्याने केलं काय, तर खांब काढून टाकले. रोममधल्या टायटसच्या कमानीवरून त्याने स्फूर्ती घेतली, पण तिला दर्शनी खांब आहेत, हिला नाहीत. खांबांच्या जागी भिंतीला चिकटवलेले दोन उंच निमुळते सुळके, आणि त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत जिंकलेली शस्त्रं, ढाली, चिलखतं लटकवल्यासारखी कोरलेली. खांबाची सवय असलेल्या डोळ्याला खांबाची उणीव जाणवत नाही, हे त्याचं यश. आणि सुळका वर निमुळता होत गेल्यामुळे एवढा ठोकळा जड वाटत नाही. पॅरिसमध्ये नंतर याहून प्रचंड कमान झाली, नेपोलियनची, जवळपास ५० मीटरची. पण दगडाचा तोल बघायचा तर मी लोकांना आधी सां-दनीलाच पाठवतो.

एक गोष्ट मात्र खुपते. सुळक्यांच्या चौथऱ्यांमधून पायी जाणाऱ्यांसाठी लहान दारं पाडली आहेत. ज्या चौथऱ्याने वरचा भार पेलल्याचं डोळ्याला पटवायचं, त्याच्याच पोटात भोक. रहदारीची सोय म्हणून ती लागणारच होती. तरी माझी नजर दर वेळी तिथे अडखळते.

---

कालव्याकाठी

मी गेली अकरा वर्षं उट्रेख्टला राहते, त्यामुळे हा धागा मला वेगळ्याच बाजूने वाचता आला.

ओळंबासाहेब, मापांचं तुम्ही लिहिलंत ते वाचताना खरंच शिकायला मिळालं. पण ती खाली बसलेली बाई म्हणजे मी ज्या शहरात भाजी आणायला जाते ते शहर आहे. ‘तीन प्रांत’ म्हणजे गेल्डरलँड, ओव्हरआयसेल आणि उट्रेख्ट. जून १६७२ ते नोव्हेंबर १६७३ फ्रेंच फौज इथे होती. लोकांच्या घराघरांत सैनिक राहत होते, खायला घालायचं घरच्यांनी. डोमच्या मोठ्या चर्चमध्ये पुन्हा कॅथलिक पूजा सुरू झाली. जाताना फौजेने शहराकडून खंडणीही वसूल केली.

डच लोक १६७२ला ‘अनर्थाचं वर्ष’ म्हणतात. शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं : लोकांचं भान गेलं, सरकारची मती गेली, देशाला वाली उरला नाही. मूळ डच शब्द एकाच यमकात बसतात, म्हणून इतके तोंडी राहिले आहेत. त्या वर्षी २० ऑगस्टला हेगमध्ये जमावाने योहान डी विट आणि त्याच्या भावाला भर रस्त्यात मारलं. देशाचा कारभार वीस वर्षं चालवलेला माणूस होता तो.

मोर्चेलनी पाण्याचं लिहिलंय, त्यात एक भर. पाण्याने वाचवलं खरं, पण हिवाळ्यात पाणी गोठतं. डिसेंबर १६७२ मध्ये लक्झेंबर्ग नावाच्या सेनापतीच्या हाताखालची फ्रेंच फौज बर्फावरून पलीकडे निघाली. मधेच बर्फ वितळायला लागलं आणि पुढची वाट बंद झाली. परतताना त्यांनी बोडेग्राव्हन आणि झ्वामरडाम ही दोन गावं जाळली, माणसं मारली. त्या प्रसंगाची चित्रं रोमेन डी होख या डच चित्रकाराने छापून सगळीकडे पोचवली. म्हणजे पॅरिसमध्ये आंगिए दगडात कोरत होता त्याच सुमाराला इकडे तेच युद्ध कागदावर उमटत होतं.

पाणी सोडण्याची किंमतही डच शेतकऱ्यानेच दिली, हे विसरू नये. स्वतःचं शेत स्वतः बुडवायचं. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी झडपा उघडायला विरोध केला, पहारे बसवावे लागले.

---

ओळंबा

@कालव्याकाठी, ताई, हे वाचून काल रात्री उत्तर लिहिता आलं नाही.

तुमचं म्हणणं खोडायचं नाही. पण तुम्ही त्या बाईबद्दल लिहिलंत म्हणून तिच्याचकडे पुन्हा बघतो. आंगिए दहा वर्षं रोममध्ये काढून आलेला शिल्पकार. त्याला सांगितलेलं काम होतं हरलेला शत्रू दाखवायचं. त्याला तिला दीनवाणी, भेसूर, हास्यास्पद काहीही करता आलं असतं. त्याने तिला शोक दिला, आणि तो शोक खरा वाटतो. पायवाट यांची नजर राजाच्या आधी तिच्यावर गेली ती उगाच नाही. हुकूम राजाचा होता, पण छिन्नी माणसाच्या हातात होती, असं मला वाटतं.

---

जुनापूल

फ्रेंच राज्यक्रांतीत हे सगळं वाचलं कसं? लुईचं नाव, सोनेरी अक्षरं, एवढं उघड्यावर?

---

पायवाट

@जुनापूल, नाव नाही वाचलं. क्रांतीच्या काळात ‘लुदोविको माग्नो’ काढून टाकलं होतं, १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत परत बसवलं. कमान वाचली याचं एक साधं कारण मला दिसतं : ती दगडाची आहे. ब्राँझचे पुतळे वितळवून तोफा करता येतात. प्लास द व्हिक्त्वार चौकात १६८६ला उभारलेला लुईचा पुतळा १७९२ मध्ये गेला. त्याच्या पायाशी साखळदंडातले चार कैदी होते, हरलेल्या चार राष्ट्रांचे. ते आधीच, १७९० मध्ये काढले होते म्हणून वाचले, आज लूव्हरमध्ये आहेत. त्यातही एक हॉलंड आहे. राजा नाही, कैदी आहेत.

आणि याच राजाची एक सर्वांत मोठी कमान कधी झालीच नाही. पॅरिसच्या पूर्वेला क्लोद पेरोच्या आराखड्यावर १६७०ला काम सुरू झालं. दगड थोडाच चढला. वरचा भाग कसा दिसेल ते कळावं म्हणून पूर्ण आकाराची प्लास्टरची कमान करून ठेवली, आणि ती तशीच उभी राहिली, वर्षानुवर्षं. लुई गेल्यावर १७१६ मध्ये ती पाडून टाकली.

---

मोर्चेल

क्रांतीचं निघालंय तर १८४८ही लिहा कुणीतरी.

---

शुक्रतारा

लिहिते. २३ जून १८४८. सरकारने बेकारांसाठी काढलेली कामं बंद करायचा निर्णय झाला आणि पूर्व पॅरिसमधले कामगार उठले. पहिली मोठी चकमक झाली ती या वेशीजवळच्या अडथळ्यावर. बग्ग्या, फळ्या, फरसबंदीचे दगड जे मिळेल ते रचून रस्ता अडवला होता. राष्ट्रीय रक्षकदलाने गोळ्या झाडल्या, मरणाऱ्यांत बायकाही होत्या. म्हणजे तट पाडल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी या वेशीपाशी पुन्हा वाट अडवली गेली, आणि या खेपेला अडवणारे शहरातलेच लोक होते. त्या दिवसाची खूण म्हणून कमानीवर काही कोरलेलं मला तरी दिसलं नाही.

---

रानजाई

पहिल्या लेखात पायवाट यांनी लिहिलंय की राजाची अंत्ययात्रा याच वाटेने जायची. मग लुई गेला तेव्हा तो आपल्याच नावाखालून गेला असणार ना? मला ते दृश्य डोळ्यासमोर आणायचं होतं.

---

पायवाट

@रानजाई, नाही गेला. हे मलाही शोधताना कळलं आणि मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

१ सप्टेंबर १७१५ ला व्हर्सायमध्ये तो वारला. ७२ वर्षांचं राज्य. शेवटच्या वर्षांत लढाया आणि करांनी लोक इतके पिचले होते की ९ सप्टेंबरला संध्याकाळी मिरवणूक निघाली ती पॅरिस टाळून. बुआ द बुलोनच्या जंगलातून वळसा घेऊन, मैदानातून सां-दनीला नेली. तरीही वाटेत लोक जमलेच, पण रडायला नाही. तंबू ठोकून खाणं-पिणं-गाणी चालली होती.

वेशीवर नाव होतं, आणि ज्याचं नाव त्याला तिथून नेता आलं नाही.

---

कालव्याकाठी

पुढच्या महिन्यात चार दिवस पॅरिसला जायचं ठरतंय. इतक्या वेळा गेले, पण नेहमी स्ट्रासबूर-सां-दनीला मेट्रो बदलून पुढे. वर चढून कधी बघितलं नाही. नेमकं कुठे उभं राहू?

---

पायवाट

ताई, वर आलात की कमान समोरच दिसेल. पण लगेच जवळ जाऊ नका. आधी र्‍यू सां-दनीमध्ये शिरून थोडं आत, दक्षिणेला चालत जा आणि मग मागे वळा. दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा आणि मधे ती. राजासाठी ठरवलेला देखावा तो. तिथून बाई दिसणार नाही.

मग हळूहळू जवळ या. सकाळी जा, ऊन कडेने येतं तेव्हा कोरीवकामाच्या सावल्या पडतात, दुपारी सगळं सपाट होतं. सिंहाचा पंजा नीट बघा आणि जमलं तर फोटो इथे टाका. माझा हललेला आलाय, बाण किती ते मोजता येत नाहीत.

---

कालव्याकाठी

मोजून सांगते.